मुकी पट्टी

लोणावळ्यात आमच्या देवळाचं दार लोटलं की सगळ्यात आधी ओलीचा वास येतो. देऊळ म्हणजे चर्च. आमच्या घरात कुणी चर्च म्हटलेलं मला आठवत नाही. आता भिंतींना नवा रंग दिलाय, बाकांच्या जागी खुर्च्या आल्यात, समोर गीतांचे शब्द दाखवणारा मोठा पडदा लागलाय. ओलीने मात्र कुणाचंच ऐकलेलं नाही. तो वास आला आणि मी उंबऱ्यातच थांबले. माझे बाबा या देवळाचे पाळक होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी क्षणभर वाटलं, आतून पेटीचा भाता हलल्याचा आवाज येईल.

नव्या पाळकांनी फोन करून बोलावलं होतं. वयाने ते माझ्या भाच्याएवढे, बोलायला गोड. "ताई, साहेबांची पेटी कपाटावर पडून असते. कीबोर्ड आल्यापासून तिला कुणी हात लावत नाही. तुम्ही घेऊन जा, तुमच्याकडे शोभेल." मी कोल्हापूरहून पहिल्या गाडीने निघाले. शाळेतली नोकरी संपल्यापासून मला घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि कारणं काही रोज मिळत नाहीत. खरं सांगायचं तर मला सबंध पेटी नकोच होती. दोन खोल्यांत एकटी राहणारी बाई पेटी घेऊन काय करणार? मला तिची एकच पट्टी हवी होती. वरच्या सप्तकातली काळी एक. ती वाजत नसे.

पाळकांनी पेटी आणून टेबलावर ठेवली, वरची धूळ रुमालाने पुसली आणि चहा सांगायला बाहेर गेले. जाताना हसून म्हणाले, "उघडा तुम्ही. तुमच्यासाठी एक गंमत आहे." मी लगेच उघडली नाही. झाकणावर हात ठेवून बसले. लाकूड गार होतं. ते कोमट असायला हवं होतं, असं उगाचच वाटून गेलं.

कोमट का, ते सांगते. लोणावळ्याच्या पावसात पेटी जगवणं तान्ह्या मुलाला जगवण्यापेक्षा कठीण, असं आई म्हणायची. चार महिने कपडे वाळत नसत, मिठाला पाणी सुटे, बाबांच्या झग्यावर पांढरी बुरशी धरे. तिथे पितळेच्या नाजूक सुरांचा आणि भात्याच्या कातड्याचा काय निभाव लागणार. बाबांनी त्यावर तोड काढली होती. बाजारात मगनशेठची चिक्कीची भट्टी होती आणि भट्टीमागच्या भिंतीला एक फळी होती, कायम उबदार. सोमवारी सकाळी पेटी गोणपाटात गुंडाळून त्या फळीवर जायची, शनिवारी संध्याकाळी घरी यायची. मगनशेठ दर वेळी तेच म्हणायचे, "पाळकसाहेब, तुमच्या देवाला आमच्या शेंगदाण्याची सवय लागणार." देवाचं ठाऊक नाही, आम्हाला लागली. पावसाळ्यातल्या रविवारी पहिलं गीत सुरू झालं की भात्यातून गुळाचा आणि भाजक्या दाण्यांचा वास देवळाभर पसरायचा. पुढच्या बाकांवरची आम्ही मुलं डोळे मिटून, हात जोडून आवंढे गिळत बसायचो. अजूनही कुणी चिक्की पुढे केली की माझ्या तोंडात आधी 'आमेन' येतं.

बाबांचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिनं लोणावळ्यात सुटायची, त्यांच्या शिट्ट्या ऐकत बाबा वाढले. पेटी कुणाकडून शिकले कोण जाणे. तरुणपणी ते एका हॉटेलात वाजवायचे. मुंबईची माणसं हवा खायला आलेली, जेवताना फर्माईश करायची, बाबा वाजवायचे. मग एके दिवशी त्यांनी ते सोडलं आणि पाळक व्हायला शिकायला गेले. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आई म्हणायची, प्रभूने बोलावलं. केरूआबा म्हणायचे, "लोकं खाता खाता ऐकायची, त्ये त्येस्नी रुचंना." दोन्ही खरं असेल.

केरूआबा म्हणजे बाबांचे ढोलकीवाले. बेडशाचे, लेण्यांच्या खाली त्यांचं घर आणि भाताची थोडी खाचरं. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि दोन्हींच्या मधे खुंटीला ढोलकी. बाबांबरोबर जन्मभर ढोलकी वाजवली, पण धर्म बदलायचा विषय ना यांनी काढला ना त्यांनी. एकदा कुणीतरी उगाच छेडलं तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "ह्ये प्रभूचे, मी बुद्धाचा. ढोलकी कुनाचीच न्हाई, ती कातड्याची." बुद्धजयंतीला बाबा पेटी घेऊन बेडशाला जायचे. नाताळात आबा आमच्याकडे यायचे आणि आईच्या करंज्या खाऊन म्हणायचे, "वहिनी, औंदा गोड कमी पडलं." ते दर वर्षी कमीच पडायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या दोघांबरोबर आंदर मावळात जायची. एसटी रस्ता असेल तिथवर, पुढे पायी. बाबांच्या खांद्याला पट्ट्याने पेटी, आबांच्या गळ्यात ढोलकी. शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले असायचे, त्या धुराचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. एखाद्या गावात आमचं ख्रिस्ती घर एकच असायचं, पण ऐकायला सगळं गाव बसे. बाबा मधे येशूची गोष्ट सांगत, पुन्हा गात. संपता संपता मागून कुणी म्हातारा म्हणायचा, "पाळक, तुमचं झालं, आता आमची येक गवळन व्हऊ द्या." बाबा पेटी पुढे ओढून घ्यायचे. गवळण गाव म्हणायचं, बाबा नुसती साथ करायचे. परतताना मी त्यांना विचारलं होतं, ते गाणं आपलं नाही ना? ते म्हणाले, "गळे आपलेच होते." मला तेव्हा नीट कळलं नाही, आणि त्यांनीही समजावत बसायचा त्रास घेतला नाही.

गीतं बाबा स्वतः रचायचे. त्यांतलं एक सगळ्यांच्या तोंडी होतं. 'धुके दाटले, वाट बुडाली, हाक दे रे मेंढपाळा.' लोणावळ्याच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. वलवणला मंडळींच्या घरी जाऊन देवळाकडे परतताना धरणाच्या बाजूने असं धुकं उतरायचं की पुढे चालणारी आई मला दिसत नसे, नुसत्या तिच्या बांगड्या ऐकू येत. गीताची चाल खालीच घोटाळत राहायची आणि 'हाक' या शब्दावर एकदम वरच्या षड्जाला जायची. बाबांची पट्टी काळी एक. म्हणजे 'हाक' वरच्या काळी एकवर.

एका श्रावणातल्या रविवारी त्या पट्टीचा सूर गंजून बसला. फळीवरची ऊब त्या एका सुराला पुरली नसावी. बाबांनी बोट दाबलं आणि सुराऐवजी नुसती हवा आली. त्यांनी चटकन पेटीवरून हात उचलला. मंडळींना वाटलं, पाळकांनी हात मुद्दाम उचलला, हाक आपण द्यायची आहे. आणि त्यांनी दिली. रेल्वेचे गँगमन, चिक्कीच्या दुकानांत पाकिटं बांधणाऱ्या बाया, दवाखान्यातल्या नर्सबाई, वलवणच्या मावश्या, सगळ्यांनी पेटीच्या आधाराशिवाय, छाती भरून. आबांची ढोलकीही थांबली होती. देवळाचे पत्रे वाजलेले मला आठवतात. उपासना संपल्यावर शांतामावशी बाबांजवळ आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पाळकसाहेब, आज हाक आमच्यावर सोडलीत, लई बरं केलंत." बाबा कधी खोटं बोलत नसत. त्या दिवशी ते गप्प बसले, एवढंच.

पुढे ती रीतच पडली. 'हाक' आली की बाबा हात उचलणार, ढोलकी थांबणार आणि देऊळ गाणार. पट्टी दुरुस्त करायचं बाबांनी नाव काढलं नाही. एकदा पुण्याहून पाहुणे पाळक आले. त्यांना पेटी येत होती, म्हणून हौसेने बसले. 'हाक' आल्यावर त्यांनी भरवशाने बोट ठेवलं, पेटी फुस्स झाली आणि समोरून सगळी मंडळी गर्जली. बिचारे दचकून मागे सरले. आमच्याकडे असंच असतं, असं त्यांना शांतामावशींनी तोऱ्यात सांगितलं.

शनिवारी तालमीला बाबा कुणाला रागावत नसत. कुणी बेसूर झालं की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." चुकलं असं नाही, इकडे वर जा असं नाही. नुसतं "पुन्हा." ते ऐकून ऐकून आमच्या शेजारच्या मिठूलाही पाठ झालं होतं.

एकदा बाबांच्या गीतांची कॅसेट निघाली. बाबा आणि आबा पुण्याला जाऊन गाऊन-वाजवून आले. कॅसेटवाल्यांनी 'हाक'वर मोठा ऑर्गन घातला होता आणि मागे बायकांचा गोड आवाज. घरी सगळ्यांनी बसून ऐकली. बाबा म्हणाले, "छान झालंय." त्यानंतर त्यांनी ती लावली नाही. माझ्याकडे एक राहिली होती, तिच्या फितीला लोणावळ्यातच बुरशी धरली. म्हणजे बाबांचा आवाज आता कुठेही नाही. हे वाक्य मी मनात पुष्कळदा म्हटलंय, अजून सवय झाली नाही.

आई गेली तेव्हा दफनभूमीत पेटी नव्हती. बाबांनी स्वतःच गीत धरलं. 'वाट बुडाली' इथवर आले आणि पुढे त्यांचा आवाज फुटेना. मी खाली बघत होते. मंडळींनी 'हाक' उचलली, ओल्या मातीत उभं राहून, छत्र्या धरून. बाबांनी मान हलवली आणि पुढची ओळ ते म्हणाले. माणूस एकटा पडला की काय करायचं ते मला त्या दिवशी कळलं असं वाटलं होतं. ते खरं नव्हतं, कारण तेव्हा समोर देऊळभर माणसं होती.

मग माणसं पांगली. कुणाची मुलं चिंचवडला गेली, कुणी बदली होऊन, कुणी वर. बाबा निवृत्त झाले, पाळकांचं घर सोडावं लागलं, वलवणला दोन खोल्या घेतल्या. तिथेच त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ज्या माणसाने आयुष्यभर बोलायचं आणि गायचं काम केलं, त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. मी शाळेतून रजा घेऊन आले. एकदा दुपारी पेटी त्यांच्या खाटेला लावून ठेवली. त्यांनी डाव्या हाताने भाता धरला. मी पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि मला येत होतं तेवढं वाजवलं. त्यांनी मान हलवली. मग भाता सोडून तोच डावा हात उचलला, माझं बोट धरलं आणि वरच्या काळी एकवर नेऊन ठेवलं. मी दाबून धरलं. त्यांनी पुन्हा भाता हलवला. आतून नुसती हवा आली, हलकी, लांबत जाणारी. गायला सुरुवात करण्याआधी बाबा श्वास घ्यायचे तशीच.

त्यानंतर रोज दुपारी आमचं तेच चालायचं. त्यांचा डावा हात, माझं एक बोट. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं. बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, माझ्याकडे होतं पण मीही बोलत नसे. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या इतकी जवळ बसले नाही. ते गेल्यावर पेटीची जागा देवळात म्हणून मी ती इथे आणून दिली. एवढ्या वर्षांत पुष्कळदा वाटलं, जावं, ती पट्टी एकदा दाबावी, तो श्वास ऐकावा. आवाज गेला, फीत गेली, तेवढा श्वास पेटीत राहिला होता.

चहा आला. पाळक समोर बसले आणि लहान मुलासारखे वाट बघू लागले. मी झाकण उघडलं, भाता सोडला. गुळाचा वास आला नाही, आला तो पॉलिशचा. वरच्या काळी एकवर बोट ठेवलं आणि भाता हलवला.

सूर लागला. स्वच्छ, भरलेला, खणखणीत.

"ही गंमत," पाळक म्हणाले. "पुण्याहून कारागीर बोलावला. सगळे सूर साफ करून घेतले. ही एक पट्टी तर पार मुकी होती, ताई. साहेबांनी इतकी वर्षं कशी चालवून घेतली कुणास ठाऊक. म्हटलं, तुम्हाला देताना सगळी बोलती करून द्यावी."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी म्हणाले, "छान झालंय." म्हटल्यावर मला कळलं हे शब्द कुणाचे. पुढे मी पाळकांना विचारलं, ते गीत अजून म्हणता का? ते म्हणाले, हो तर, पडद्यावर शब्द येतात. 'हाक'ला थांबता का? "थांबायचं कशाला? कीबोर्ड असतो ना," ते म्हणाले. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पेटी रिक्षात घातली आणि स्टेशनवर आले. कोल्हापूरच्या गाडीला अवकाश होता. घरी जाऊन ही पेटी उघडायची, हा खणखणीत सूर ऐकायचा, या कल्पनेनेच मला रडू आलं. फलाटावर, पेटीवर हात ठेवून, मी तोंड फिरवून रडले. सांगायला कोणी नव्हतं. म्हणजे एक होतं, ते आहे की नाही ते माहीत नव्हतं. मी समोर लागलेल्या लोकलमध्ये चढले, कामशेतला उतरले आणि बेडशासाठी रिक्षा केली.

केरूआबा ओट्यावर खाटेवर बसले होते. फार वाळलेत. सुनेने कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "लोनावळ्याच्या पाळकांची लेक आलीया." त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकलीच आलीस, बाय?"

"एकटीच असते आबा मी."

"व्हय," ते म्हणाले. "मी बी. ह्ये समदी हायती, पर त्येंच्यात ताल धरनारं कुनी न्हाई."

मी त्यांच्याजवळ खाटेवर बसले आणि मनातलं सगळं सांगितलं. पट्टी दुरुस्त केली, तो श्वास गेला, बाबांचं काहीच राहिलं नाही. किती ऐकू गेलं कोण जाणे. ते माझ्या ओठांकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी नजर शेताकडे वळवली. समोर खाचरांत कापणी झालेली, सडांमधे बगळे हिंडत होते.

"मंग?" ते शेवटी म्हणाले. "पट्टी वाजती, वाजू दे की. तुजा बाप देवळात तितं बोट ठेवायचा का?"

मी नाही अशी मान हलवली.

"न्हाई ना? हात उचलायचा. मी बी उचलायचो." त्यांनी दोन्ही पंजे खाटेच्या कडेवरून वर उचलून दाखवले. "लाव पेटी."

ढोलकीची पानं केव्हाच सैल पडली होती, म्हणून त्यांनी खाटेच्या लाकडावरच ठेका धरला. मी भाता सोडला. 'धुके दाटले.' माझा आवाज वयाबरोबर जाड झालाय, मला तो आवडत नाही. 'वाट बुडाली.' खाटेवरचा ठेका थांबला. मी पेटीवरून हात उचलला.

इतकी शांतता मला ठाऊक नव्हती. त्या जागी माझ्या कानात कायम देऊळ भरलेलं होतं, शांतामावशी, गँगमन, आई, सगळे. आता तिथे कुणीच नव्हतं. सून दारात उभी होती, आबा डोळे मिटून बसले होते, आणि 'हाक' माझ्यावर सोडलेली होती. मी श्वास घेतला. तो माझा मलाच ऐकू आला, हलका, लांबत गेलेला. मी दिली हाक. सूर लागला नाही, खाली राहिला, मधेच चिरकला.

केरूआबांनी डोळे उघडले नाहीत.

"पुन्यांदा," ते म्हणाले.